गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि तपासणीचा हक्क

(वर्षावासानिमित्त एका बुद्धविहारात भरलेल्या उपासिकांच्या सभेत केलेले भाषण, वाचकांसाठी लिहून काढले आहे.)



विहारात ज्या विषयावर सहसा कोणी तोंड उघडीत नाही, त्याच विषयावर आज मला बोलावयाचे आहे. गर्भाशयाच्या मुखाला, म्हणजे आपल्या बायका ज्याला पिशवीचे तोंड म्हणतात त्याला, होणारा कर्करोग हा तो विषय होय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना हा रोग नव्याने जडला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने मरण पावल्या. हे मरण अटळ असते तर त्यावर व्याख्यान देण्याचे कारण नव्हते. परंतु हा रोग असा आहे की त्याचे कारण ठाऊक आहे, त्याची वाट ठाऊक आहे, आणि ती वाट कोठे अडवावी हेही ठाऊक आहे. तरीही स्त्रिया मरतात. म्हणून हा प्रश्न केवळ वैद्यकाचा उरत नाही. तो हक्काचा प्रश्न होतो.

या प्रश्नाचे मूळ स्पर्शात आहे. हा रोग दुरून कळत नाही. नाडी पाहून, जीभ पाहून किंवा लक्षणे ऐकून तो ओळखता येत नाही. कोणी तरी शिकलेल्या हाताने आणि डोळ्याने स्त्रीची आतून तपासणी केली पाहिजे, किंवा आतील स्राव तपासला पाहिजे. तेव्हाच तो वेळेवर सापडतो. आता स्पर्शाविषयी आपला इतिहास काय आहे तो आठवा. काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आली होती आणि बाबासाहेबांनी ती आपल्या आठवणींत नमूद करून ठेवली आहे. त्याची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर मोठ्या मिनतवारीने आला, पण तिला शिवला नाही. ताप पाहण्याची नळी त्याने एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिली, त्याने ती नवऱ्याला दिली, नवऱ्याने पत्नीला लावली, आणि त्याच वाटेने ती परत गेली. ती बाई वाचली नाही.

आज कोणी ताप पाहण्याची नळी तिसऱ्याच्या हातून देत नाही. परंतु तपासणी न करता गोळ्या हातावर ठेवणे, दारातूनच "काय होते?" असे विचारून चिठ्ठी लिहिणे, आणि बाईला टेबलावर घेण्याची तसदी न घेणे, हे प्रकार संपलेले नाहीत. १९२३ सालच्या ऑगस्ट महिन्यात मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा जो ठराव मंजूर झाला आणि ज्याच्या आधारावर पुढे १९२७ साली महाडचा सत्याग्रह उभा राहिला, त्यात केवळ पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा नव्हत्या. त्यात शाळा, न्यायालये आणि कचेऱ्या होत्या, आणि दवाखानेही होते. चवदार तळ्याच्या पाण्याला आपण हात लावला. दवाखान्याच्या पायरीवर आपली स्त्री अजून पुरती चढलेली नाही, असे मी म्हणते ते याच अर्थाने.

आता रोगाचे कारण पाहू. तथागतांनी शिकविले की जे जे घडते ते कारणाने घडते आणि कारणाचा निरोध केला म्हणजे कार्याचाही निरोध होतो. पूर्वजन्मीचे पाप, देवीचा कोप, कोणाची करणी, यांपैकी काहीही या रोगाचे कारण नाही. कारण आहे एक विषाणू. त्याचे नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. या विषाणूमुळे हा कर्करोग होतो हे दाखविणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात. सहा आणि अकरा या क्रमांकांच्या प्रकारांनी गुप्तांगावर चामखिळीसारखे कोंब येतात. त्यांचा त्रास होतो, त्यांवर उपचार करावे लागतात, पण त्यांचा कर्करोग होत नाही. कर्करोगाला कारण होणारे प्रकार डझनभर आहेत. त्यांतही सोळा आणि अठरा या दोन प्रकारांनी जगातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी शंभरात सुमारे सत्तर घडतात.

हा विषाणू शरीरसंबंधातून, त्वचेला त्वचा लागून पसरतो. येथेच माणसे लाजेने मान खाली घालतात, म्हणून हे नीट ऐका. ज्यांचा शरीरसंबंध आला आहे अशा जवळजवळ सर्वच स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याची लागण होते. लग्नाच्या पहिल्या वर्षी झालेली लागण पुष्कळ वर्षांनी तपासणीत दिसू शकते. म्हणून तपासणीत विषाणू सापडला तर त्यावरून बाईच्या वर्तनाविषयी, किंवा नवऱ्याच्या वर्तनाविषयी, काहीही सिद्ध होत नाही. तो कागद दाखवून जो नवरा बायकोला घराबाहेर काढील, तो अज्ञानाचा आणि अन्यायाचा दोन्हींचा धनी होईल. पुरुष बंधूंनी हे वाक्य विशेषतः लक्षात ठेवावे.

लागण झाली म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. शंभरांपैकी सुमारे नव्वद स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू दोन वर्षांच्या आत आपोआप नाहीसा होतो. थोड्या जणींच्या ठायी तो ठाण मांडून बसतो. त्यांच्याही बाबतीत कर्करोग एका रात्रीत होत नाही. प्रथम गर्भाशयमुखाच्या पेशींत बदल होतात, आणि त्यांचा कर्करोग बनण्यास साधारणपणे पंधरा ते वीस वर्षे लागतात. ज्या भगिनी एचआयव्हीसह जगत आहेत त्यांच्या बाबतीत हा काळ पाच ते दहा वर्षांइतका कमी होऊ शकतो. म्हणून त्यांनी पंचविसाव्या वर्षापासून आणि अधिक वेळा तपासणी केली पाहिजे. इतर स्त्रियांनी तिशी ओलांडली की सुरुवात करावी. तंबाखू ओढल्याने कर्करोगाचा धोका वाढतो, हेही येथे सांगून ठेवते.

पंधरा वर्षे! विचार करा. शत्रू दाराशी पंधरा वर्षे उभा असतो, आणि आपण दार उघडून पाहत नाही.

दार उघडून पाहण्याचे साधन फार महाग नाही. पहिली पद्धत अशी: आरोग्यसेविका किंवा डॉक्टर गर्भाशयाच्या मुखाला सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच्या जातीचे द्रावण, लावतात आणि मिनिटभर थांबून पाहतात. जेथे पेशी बदलल्या असतील तेथे पांढरा डाग उमटतो. यास चीरफाड नाही, भूल नाही, आणि उत्तर तेथल्या तेथे मिळते. सरकारने २०१६ साली ठरविलेल्या कार्यपद्धतीप्रमाणे तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हावयाची आहे. पाळी गेलेल्या स्त्रीच्या बाबतीत मात्र ही पद्धत कमी भरवशाची ठरते. दुसरी पद्धत विषाणूच शोधण्याची. ती अधिक अचूक आहे, आणि तिचा मोठा गुण असा की नमुना बाई स्वतःच, आडोशाला जाऊन, लहानशा ब्रशाने घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून याच पद्धतीला पहिली पसंती दिली आहे.

तपासणीत दोष आढळला तर काय करावयाचे? विषाणूला मारणारे औषध नाही. बदललेल्या पेशींवर उपचार आहे. डाग लहान आणि स्पष्ट दिसणारा असेल तर उष्णतेने किंवा गोठवून तेवढाच भाग नष्ट करतात. काही मिनिटांचे काम असते आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. डाग मोठा असेल किंवा कर्करोगाचा संशय असेल तर मोठ्या रुग्णालयात पाठवून तुकडा तपासावा लागतो. उपचारानंतर वर्षभराने पुन्हा तपासणी करावयाची असते. विषाणू आहे पण डाग नाही, अशा बाईला कोणताही उपचार नको. तिने ठरलेल्या मुदतीने पुन्हा येऊन दाखवावे, एवढेच.

परंतु ही झाली काहीच त्रास नसलेल्या बाईची गोष्ट. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये अंगावर जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसणे, दुर्गंधी येणारा स्राव सतत जाणे, यांपैकी एकही गोष्ट असेल तर पुढच्या शिबिराची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात जाऊन आतून तपासणी करून घ्या. माझ्याकडे एक बाई आली होती. वय पन्नाशीचे, जन्म ऊसतोडीत गेलेला. पाळी जाऊन चार वर्षे झाली होती आणि वर्षभरापासून तिच्या अंगावर पुन्हा जात होते. मी विचारले, "मावशी, इतके दिवस कोणाला दाखवले नाही?" ती म्हणाली, "दाखवलं की बाई. तीनदा गोळ्या दिल्या. झोपवून कुणीच पाहिलं नाही." मी पाहिले तेव्हा डोळ्यांना दिसण्याइतका रोग वाढलेला होता. तीन वेळा ती पायरी चढली होती. तिघांपैकी एकानेही हात लावला नाही. तिला लाजाळू म्हणणारे म्हणोत. मला त्या तिघांविषयी बोलावयाचे आहे.

याच्या उलट दुसरा अन्याय आहे, आणि तो अधिक भयंकर आहे. कर्करोगाची भीती घालून धडधाकट बाईची पिशवी काढून टाकणे! बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ साली सरकारी पाहणी झाली. तेव्हा तपासलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. फडावर न्हाणीघर नाही, विश्रांती नाही, पाळीत खाडा पडला तर मुकादम दंड कापतो, आणि अंगावर पांढरे जाते म्हणून कोठे तरी गेले तर "पिशवी काढा, नाही तर कॅन्सर होईल" असा धाक घातला जातो. भगिनींनो, अंगावर पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे. विषाणू सापडणे म्हणजेही कर्करोग नव्हे. या दोन्हींसाठी पिशवी काढण्याची गरज नसते. कोणीही असे सांगितले तर तपासणीचा कागद मागा आणि तो घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जा. केसपुत्त नगरीच्या कालामांना भगवंतांनी सांगितले होते की परंपरा आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. तो उपदेश दवाखान्यालाही लागू आहे.

कोणी म्हणेल, हे सारे ज्ञान परदेशातून आले, ते खेड्यात कसे चालेल? त्याला उत्तर असे की यातील फार मोठा पुरावा आपल्याच खेड्यांतील स्त्रियांनी दिलेला आहे. पूर्वीच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय त्यात होते. गावांचे ५२ गट पाडून तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा त्यात समावेश केला. ज्या गटाची विषाणूची तपासणी फक्त एकदा झाली, त्या सुमारे ३४ हजार स्त्रियांत पुढील आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ जणी गेल्या. ज्या गटाची तपासणी झाली नाही, त्या सुमारे ३१ हजार स्त्रियांत ६४ जणी गेल्या. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना काही आठवड्यांचे शिक्षण देऊन व्हिनेगरची तपासणी करविली, तेव्हा या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे हे काम खेड्यात होऊ शकते आणि आपली दहावी शिकलेली मुलगी ते करू शकते, हे सिद्ध झाले आहे.

पण त्या ६४ जणींना विसरू नका. तपासणी न झालेल्या गटातील स्त्रियांना रोगाची माहिती देऊन तपासणी कोठे मिळेल ते सांगितले होते; तपासणी मात्र केली नव्हती. हे न्याय्य होते काय, असा प्रश्न पुढे जगभर विचारला गेला आणि तो योग्यच होता. माझा प्रश्न त्याहून साधा आहे. त्या अभ्यासाचा निष्कर्ष २००९ साली छापून आला. त्यानंतर दहा वर्षांनी, २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या शंभरात दोनही निघाल्या नाहीत. ज्या स्त्रियांच्या देहावर ज्ञान सिद्ध झाले, त्यांच्या लेकीसुनांना ते मिळाले नाही. ज्ञान घ्यावयाचे खालून आणि वाटावयाचे वरच्यांना, ही वहिवाट आपल्याला नवी नाही. ती मोडण्यासाठीच तर आपण १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा घेतली.

आता लशीविषयी. शरीरसंबंध सुरू होण्याच्या आधी, नऊ ते चौदा या वयात, मुलीला लस दिली तर सोळा आणि अठरा या प्रकारांची लागण टळते. लस झालेली लागण घालवीत नाही, म्हणून ती लहान वयात द्यावयाची, आणि लस घेतलेल्या मुलीनेही मोठेपणी तपासणी करावयाचीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली एका मात्रेलाही मान्यता दिली. त्याच वर्षी पुण्यात तयार झालेल्या भारतीय लशीची घोषणा झाली. तुमच्या गावी ती कोणत्या वयाला आणि कोठे मिळते ते आशाताईला किंवा आरोग्य केंद्रात विचारा.

या लशीच्या इतिहासातही आपल्यासाठी एक धडा आहे. २००९ साली आंध्रातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत एका परदेशी संस्थेच्या प्रकल्पात हजारो मुलींना ही लस दिली गेली. खम्ममच्या वसतिगृहांतील कित्येक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लशीमुळे झाले नाहीत असे ठरले. पण संमती घेण्यात गंभीर हयगय झाली होती, हे २०१३ साली संसदेच्या समितीनेही कडक शब्दांत सांगितले. २०१० सालच्या एप्रिलमध्ये सरकारने लशीचे असे सर्व कार्यक्रम थांबविले. बार्शी, पुणे आणि इतर ठिकाणी चाललेला एक वेगळा अभ्यासही त्यामुळे मध्येच थांबला आणि सुमारे ५ हजार मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. पुढे दहा वर्षे त्या मुलींची तपासणी केली तेव्हा एका मात्रेचे संरक्षणही जवळजवळ तितकेच असल्याचे आढळले. म्हणजे लस खरी होती, आणि अन्यायही खरा होता. एकासाठी दुसऱ्याकडे डोळेझाक करू नये. लशीला भिऊ नका. परंतु न सांगता, न विचारता तुमच्या मुलीच्या दंडात सुई टोचण्याचा अधिकार कोणालाही देऊ नका. गरिबाची संमती ही देखील संमतीच असते आणि तिला श्रीमंताच्या संमतीइतकीच किंमत असली पाहिजे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक ठरलेला दिवस तपासणीचा असावा. तेथे पडदा असावा, उजेड असावा, निर्जंतुक केलेली उपकरणे असावीत आणि शिकलेली परिचारिका असावी. तपासणीपूर्वी काय करणार ते मराठीत, सावकाश सांगावे आणि नाही म्हणणाऱ्या बाईचा अपमान होऊ नये. निष्कर्षाचा कागद तिच्या हाती द्यावा, नवऱ्याच्या नव्हे. ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांची तपासणी त्या गाव सोडण्यापूर्वी व्हावी आणि उपचार राहिला असेल तर फडाजवळच्या केंद्रात तो पुरा व्हावा. मुंबईच्या महागड्या रुग्णालयात विषाणूची जी तपासणी होते, तीच खेड्यातल्या बाईला मिळावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे लक्ष्य ठेवले, त्यात २०३० पर्यंत शंभरात सत्तर स्त्रियांची अशी तपासणी अपेक्षित आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरविले आहे. आपण भीक मागत नाही. कर्तव्याची आठवण करून देत आहोत.

आणि मागणी करून घरी बसू नका. समाजाची प्रगती मी त्याच्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, अशा आशयाचे उद्गार बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत काढले होते. ते माप आपल्याच घरी लावा. पुढच्या पौर्णिमेला विहारात येताना तिशी ओलांडलेल्या प्रत्येक उपासिकेने स्वतःला विचारावे, माझी तपासणी झाली आहे काय? जिची झाली असेल तिने नसलेलीला सोबत न्यावे. एकटीला भीती वाटते. पाच जणी गेल्या म्हणजे केंद्राचे दारही लवकर उघडते. पुरुषांनी त्या दिवशी चूल आणि लेकरे सांभाळावीत.

शेवटी एक प्रसंग सांगून थांबते. एक भिक्खू अतिसाराने आजारी, आपल्याच घाणीत पडून होता. इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंत आनंदासह तेथे आले. त्यांनी स्वतः पाणी घातले, आनंदाने त्याचे अंग धुतले, आणि दोघांनी त्याला उचलून बिछान्यावर निजविले. मग संघाला सांगितले की ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. उपदेश नंतर आला. हात आधी लागला. आजाऱ्याला शिवणे हा ज्या धम्माचा आचार आहे, त्या धम्माच्या उपासिकेला कोणी न शिवता, न तपासता परत पाठवीत असेल, तर तिने तेथेच उभे राहून म्हणावे: "मला तपासा. तो माझा हक्क आहे."

नमो बुद्धाय! जय भीम!